हिरव्या गाडीचा रंग व माझ्या इतर मिळकतीची व्यवस्था

चि. सौ. अलमेलु हीस कुंभकोणम्‌हून अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझी मान आता कशी आहे? दिवसभर टाइपरायटरवर वाकून बसतेस, म्हणून विचारतो. रात्री उशी घेऊ नकोस, जुन्या लुगड्याची घडी घे. जावई रघुपतींचं पित्त उतरलं का? रिकाम्या पोटी दोन दोन कॉफ्या घेणाऱ्याला औषध देऊन काय होणार, पण ते मी लिहिलं असं सांगू नकोस. विहीणबाईंच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला, आता सुईत दोरा त्या स्वतः ओवतात की अजून तुलाच हाक मारतात? छोट्या तुळसीचा खोकला गेला का? इकडे तुझी आई मीनाक्षी बरी आहे, फक्त सांबारात मीठ दोनदा घालते आणि मी बोललो तर तिसऱ्यांदा घालते. तुझ्या वरदराजकाकाचा उजवा गुडघा सुजला आहे. सुंदरीकाकू त्याला एरंडाच्या पानांचा शेक देते. गुडघा लवकर बरा व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, येत्या आयुधपूजेला, तो दोन पायांवर नीट उभा असायला हवा. का, ते पुढे येईल.

माझं म्हणशील तर डॉक्टर सांगतात, फुफ्फुसांत चाळीस वर्षांचा रंग बसला आहे. कितव्या नंबरचा घासायचा कागद लावला तर निघेल असं मी विचारलं. ते हसले नाहीत, तेव्हा मी समजलो.

म्हणून हा कागद. गुरुमूर्ति मास्तर शेजारी बसले आहेत. ते म्हणतात, "मुकुंदराव, मृत्युपत्रात खुशाली विचारत नाहीत." मी म्हणालो, ज्यांच्यासाठी ठेवून जायचं ते जिवंत आहेत की नाही हे आधी विचारायला नको का? ते असंही म्हणतात की पितृपक्षात असले कागद करू नयेत. माझ्या मते याहून चांगला पंधरवडा नाही. ज्यांच्याकडे जायचं आहे ते घराभोवतीच असतील, त्यांनाही ऐकू जाईल.

मी मुकुंदराव, वडिलांचं नाव वेणुगोपाळराव, वय सहासष्ट, धंदा मोटारगाड्यांना रंग देणं व तो घासून झळाळी आणणं, राहणार महामहम तळ्यामागे, कुंभकोणम्, असं जाहीर करतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून भुलवलेलं नाही, आणि याआधी मी दुसरा असा कागद केलेला नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. मराठी ही घरची बोली, पण अक्षर मी मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनाच्या वह्या उतरवून शिकलो, तेव्हा कुठे वाक्य अभंगासारखं वळलं तर वकिलांनी सरळ करून वाचावं.

एक. राहतं घर तुझी आई जिवंत असेपर्यंत तिचं. त्यानंतर तुझं. वरदराजाचा यात काडीचा हक्क नाही. वडिलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा त्याने रस्त्याकडची बाजू मागून घेतली आणि मला विहिरीकडची राहिली. तो तेव्हा हसला होता. त्या विहिरीचं पाणी मऊ निघालं, आणि रंग घासणाऱ्याला मऊ पाणी म्हणजे गवयाला गळा. रस्ता काय, सगळ्यांनाच असतो.

दोन. पोस्टातली शिल्लक तुझ्या आईच्या नावे. त्यातून दरसाल आषाढी एकादशीला मठात भजन झाल्यावर सुंठवडा वाटावा. सुंठ जुनी नको, मला तिचा वास आवडत नाही आणि विठोबालाही आवडत नसणार.

तीन. मागची शेड, त्यातली अवजारं आणि धंद्याचं नाव तुझं. एका अटीवर, की तू परत येऊन शेड स्वतः चालवावीस. जावयांना इथे काम मिळेल, गुरुमूर्ति मास्तरांनी दोन ठिकाणी विचारून ठेवलं आहे. तू नाही म्हणालीस तर शेड मठाकडे जाईल, तिथे ताक वाटतील. वरदराजाला विकली वा भाड्याने दिली तर हे सबंध कलम रद्द समजावं.

अवजारांची यादी तुला पाठ आहे, तरी लिहितो. रबराचे ठोकळे चार. बादल्या दोन, एक घासायची आणि एक फक्त कागद धुवायची, त्यांची अदलाबदल म्हणजे महापातक. पाणी गाळायची माझी नेसायची जुनी वेष्टी, चार पदरी. कागद आठशेपासून दोन हजार नंबरपर्यंत. आणि देवघरात पोथीखाली ठेवलेला सिंगापूरचा संच, कापडावर बसवलेले नऊ तुकडे, बारा हजार नंबरपर्यंतचे. शेवटचा तुकडा गालावर फिरवला तर कागद आहे की वासराचा कान, कळत नाही. सिंगापूरहून सुट्टीवर आलेल्या एका गिऱ्हाइकाने दिला होता. म्हणाला, "आमच्याकडे विमानाच्या खिडक्या याने घासतात, राव." मी म्हटलं, इथे याने अँबॅसेडर घासू, तीही उडाल्यासारखी दिसेल.

ही कला मला कुणी शिकवली नाही, मी ती गाड्या बिघडवून शिकलो. तुला मात्र मी शिकवली, म्हणून तू एकही बिघडवली नाहीस. हे वाक्य वकिलांनी सरळ करू नये, जसं आहे तसं ठेवावं. कारण पुढचं कलम त्यासाठीच आहे.

चार. १९८६ साली संक्रांतीनंतर गिरणीवाले नटेश मुदलियार यांची काळी फियाट त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी आपल्याकडे आली. तू एकोणीस वर्षांची होतीस. अकरा दिवस काम चाललं. आठशे, हजार, बाराशे, दीड हजार, दोन हजार, मग झळाळीचं कंपाउंड, आणि प्रत्येक वेळी पाणी नवं. काळा रंग म्हणजे सासू, काही पोटात घालत नाही. शेवटच्या संध्याकाळी फक्त मेण चढवायचं राहिलं होतं. ते तू चढवलंस, कंदिलाच्या उजेडात. वरदराज तेव्हा आपल्याच शेडमध्ये काम करायचा. तो म्हणाला, "तू दमलीस पोरी, मेण मी पातळ करून देतो." केवढी माया.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुदलियार चार पाहुणे घेऊन आले. गाडी शेडमधून उन्हात काढली आणि बोनेटवर केसासारख्या रेघा, गोल गोल, हजारो. कंदिलात एकही दिसली नव्हती. मुदलियार तमिळमध्ये म्हणाले, "राव, बोनेटवर मांजर नाचवलंत का?" पाहुणे हसले. वरदराज खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, पोरीवर रागावू नका. बायकांचा हात, बांगड्यांचा. पाणी गाळायचं राहिलं असेल."

तू म्हणालीस, "अप्पा, मी पाणी दोनदा गाळलं होतं. बांगड्या तर सकाळीच काढून ठेवल्या होत्या."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गप्प बस. उद्यापासून शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

तू टाकलं नाहीस. त्यानंतर घरातली समईसुद्धा घासली नाहीस. लग्न होऊन तिरुच्चीला गेलीस, जावयांच्या स्कूटरवरची धूळही तू पुसत नाहीस असं विहीणबाई सांगतात, आणि त्यांना वाटतं तू आळशी आहेस. अकरा वर्षं तू मनात धरून आहेस की ती गाडी तुझ्या हाताने गेली. मुदलियारांच्या सगळ्या गाड्या त्याच महिन्यात वरदराजाच्या नव्या दुकानात गेल्या, बसस्टँडच्या रस्त्यावर. रस्त्याकडची बाजू, म्हटलं ना.

पाच. त्या मेणाचा डबा मी टाकला नव्हता. का ते सांगता येत नाही, पण फेकायला हात उचलला नाही. दोन वर्षांनी, १९८८ साली, स्वामीमलैचे मूर्तिकार त्यागराज स्थपती जुनी गाडी दाखवायला आले. फळीवरचा डबा त्यांनी उघडला, बोटभर मेण घेतलं आणि पुढच्या दातांत धरून हळू चावलं. त्यांच्याकडे पूड अशीच तपासतात. डोळ्यांना कळत नाही ते दातांना कळतं.

"राव, यात कुरुंद आहे," ते म्हणाले. "आम्ही पंचधातूवरची ओतकामाची खवली काढायला वापरतो, ती खरखरीत पूड. रंगाच्या मेणात कशाला घातलीत?"

मी म्हटलं, मी नाही घातली.

ते थुंकले, त्यांनी तोंड धुतलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुमचा भाऊ माझ्याकडून विड्याच्या पानात बांधून घेऊन गेला होता. तुमच्या त्या काळ्या गाडीच्या आठवड्यातच. दाराच्या बिजागरीचा गंज काढायचा आहे म्हणाला."

तेव्हा लिहून ठेवतो, नीट वाच आणि जावयांना, विहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखव: ती गाडी अलमेलुच्या हाताने गेली नाही. तिच्या काकाने मेणात कुरुंदाची पूड कालवली. केसाने गळा कापला म्हणतात, तो असा. त्यागराज स्थपतींनी याच कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आहे.

सहा. मग हे नऊ वर्षं का दडवलं, असं तू विचारशील. त्याच दिवशी मी आईकडे गेलो, तुझ्या आजीकडे, आणि सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. सोलतच राहिली. म्हणाली, "मी विठोबाच्या पायावर हात ठेवते, तुझा हात त्यावर ठेव. मी जिवंत असेपर्यंत वरदराजाविरुद्ध आवाज चढवणार नाहीस, हात उगारणार नाहीस आणि हे कुणाला बोलणार नाहीस."

"आणि अलमेलु?" मी विचारलं.

"पोरी सासरी गेल्या की विसरतात," ती म्हणाली. आईबद्दल मला वाईट लिहायचं नाही. दोन मुलगे एका पंगतीत जेवताना बघून मरायचं होतं तिला, आणि तिने ते पाहिलं. पण हे वाक्य तिचं चूक होतं. यंदा माघात तिचं वर्षश्राद्ध झालं, तोवर मी तोंड उघडलं नाही. शपथ फिटली.

सात. शपथ मी अक्षर न् अक्षर पाळली. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फक्त वरदराजाची गाडी घासली.

त्याची ती हिरवी अँबॅसेडर तुला आठवते. त्या काळ्या फियाटच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, मीच तिला ड्यूको रंग दिला होता, बारा हात. सख्खा भाऊ म्हणून बारा, परक्याला सात देतो. नवं दुकान थाटल्यावर त्याने ती दुकानाच्या दारात उभी केली, आणि १९८८ च्या आयुधपूजेच्या आठ दिवस आधी माझ्याकडे आला. "अण्णा, गावाला दिसू दे आपल्यात काही नाही. पूजेआधी गाडीवरून जरा हात फिरवाल का?" मी म्हणालो, आण की. त्यात काय.

झळाळी म्हणजे काय, हे तो कधी शिकला नाही, अलमेलु. त्याला वाटतं, ती डब्यातून येते. तुला माहीत आहे की वरून काही येत नसतं. उंचवटा खाली गेला की सपाटी, सपाटी आली की आरसा. प्रत्येक आरसा रंगाच्या पोटातून निघतो. शहाणा माणूस एकदा घासतो, मग पुढची पाच वर्षं नुसतं पुसतो. मी नऊ आयुधपूजा सलग घासली. दीड हजार, दोन हजार, मग सिंगापूरचे तुकडे क्रमाने. दोन बोटांचा भार, सरळ रेघेत, काचेकडून बोनेटच्या टोकाकडे. पायाखालच्या बादलीत पाणी हिरवं होत जायचं आणि माझ्या पोटात थंड वाटायचं. दरसाल एक हात रंग गेला. दरसाल गाडी आधीपेक्षा सुंदर दिसली. गेल्या वर्षी तर तिच्यात गोपुरावरचे कळस मोजता येत होते.

आणि त्याने काय करावं? दुकानात येणाऱ्याला तो ती गाडी दाखवून सांगतो, "हे माझ्या हाताचं काम." मुदलियारांना सांगितलं, नगरपालिकेच्या साहेबांना सांगितलं. तेव्हा मला जी थोडी लाज वाटत होती तीही गेली.

आता बाराचा हिशेब तूच कर. मधोमध फार तर तीन हात उरले असतील. कडांना कांद्याच्या पापुद्र्याएवढा. बोनेटच्या उंचवट्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात खालच्या प्रायमरची लाली दिसते, ओल्या केळीच्या पानामागे वीट ठेवावी तशी. त्याला ती दिसत नाही. त्याला वाटतं उजेडाचा खेळ आहे. आणखी एकदा घासली की ती लाली वर येणार, आणि हजार माणसांच्या रस्त्यावर त्याचं दुकान दारातच नासलेलं दिसणार.

कारागिराने असं करू नये. गिऱ्हाइकाचा रंग म्हणजे त्याची कातडी. मी केलं. याचा जाब मी विठोबाला देईन, वरदराजाला नाही.

आठ. वरदराजास त्या मेणाचा डबा द्यावा, झाकणासकट. आणखी काही नाही. त्याची बायको सुंदरी हिला माझ्या आईची पितळी समई आणि उंबऱ्याजवळची तुळशीची कुंडी. मी खोकत पडलो तेव्हा रोज रसम पाठवणारी तीच आहे, आणि नवऱ्याने काय केलं ते तिला ठाऊक नाही. तिच्याशी कुणी वाकडं बोलू नये. मी मेल्यावर वरदराजाला खांदा द्यायला बोलवावं. गुडघा दुखत असला तरी बोलवावं. अग्नी मात्र जावई रघुपती देतील.

नऊ. त्या हिरव्याची कृती. तो रंग बाजारात मिळत नाही. गडद हिरवा, त्यात पिवळा किती, काळ्याचे थेंब किती आणि पांढरा मुळीच का नाही, हे माझ्या निळ्या वहीच्या सतराव्या पानावर आहे. ती वही तुझी. वरदराजाने दोनदा मद्रासहून डबे आणून जुळवून पाहिलं, दोन्ही वेळा गाडीला गोवर आल्यासारखं झालं आणि ते मी पुसून दिलं. म्हणजे त्या गाडीचा रंग गेला तर तो परत देऊ शकेल असं माणूस माझ्यामागे एकच राहील.

दहा. हे शेवटचं, आणि बाकी सगळी कलमं याच्यासाठी आहेत. आयुधपूजेला अठरा दिवस आहेत. वरदराजाने काल निरोप पाठवला: "अण्णा, यंदाही हात फिरवा, या वेळी दुकानासमोरच करा, लोक बघतील." माझ्याने आता ठोकळा धरवत नाही, दहा रेघांत धाप लागते. मी उलट निरोप दिला की माझ्या जागी माझी मुलगी येईल. तो हो म्हणाला. त्याला वाटतं, तू कागद हातात धरणार नाहीस.

म्हणून तू ये. पूजेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्याच्या दुकानासमोर. पाणी आपल्या विहिरीचं ने. सगळ्यांसमोर दोनदा गाळ, हळू, एवढं हळू की बसची वाट बघणारेही थांबतील. मग बोनेटवर तळहात ठेव आणि त्याला विचार, "काका, त्या मेणात कुरुंद कुणी घातलं?" त्यागराज स्थपती तिथे असतील, मी खुर्ची टाकून बसेन. त्याने मुदलियारांच्या कानावर जाईल अशा आवाजात खरं सांगितलं तर ठोकळा खाली ठेव. त्याला खाली काय उरलं आहे ते दाखव, आणि वाटलं तर सतराव्या पानावरून रंग काढून बारा हात दे. वाटलं तर. तुझ्यावर माझा हुकूम नाही, एकदा चालवला ते पुरे झालं.

नाही सांगितलं, हसला, किंवा बांगड्यांचं नाव काढलं, तर दीड हजाराचा कागद भिजव. दोन बोटांचा भार, सरळ रेघेत. फार वेळ लागणार नाही.

तुला मी सगळ्यांसमोर गप्प केलं. त्याची भरपाई कुठल्या कलमात बसते ते गुरुमूर्ति मास्तरांनाही सापडलं नाही. या कागदाची मूळ प्रत त्यांच्याकडे राहील, ही दुसरी तुला रजिस्टर टपालाने पाठवतो. येतेस की नाही, एवढंच एका ओळीत लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, पोस्टमनने वाचलं तर बरंच. पण लवकर लिही, उत्तराची वाट बघतो आहे.

वरचा मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

मुकुंदराव वेणुगोपाळराव

साक्षीदार:
१. त्यागराज स्थपती, मूर्तिकार, स्वामीमलै. (मला मराठी वाचता येत नाही. मुकुंदरावांनी तमिळमध्ये सांगितलं. पाचवं कलम दोनदा सांगायला लावलं, ते खरं आहे. सही तमिळमध्ये.)
२. गुरुमूर्ति, निवृत्त शिक्षक, कुंभकोणम्.

स्थळ: कुंभकोणम्
तारीख: २२ सप्टेंबर १९९७, भाद्रपद वद्य पक्ष, सोमवार